नळाला पाणी का येत नाही? पाणीपुरवठ्यातल्या अडचणींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणी आलं नाही की बहुतेक वेळा एकच उत्तर ऐकायला मिळतं: "वरूनच कमी येतंय." कधी ते खरं असतं. पण पुष्कळदा पाणी वस्तीपर्यंत पोचलेलं असतं आणि पुढे कुठेतरी अडतं. ते पाइपात अडतं, व्हॉल्व्हपाशी अडतं, पंपघरात अडतं, नाहीतर कुणी मोजतच नसल्यामुळे हरवतं. आपल्या घरच्या अडचणीचं मूळ कुठे असू शकेल याचा अंदाज यावा आणि नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे नेमकं बोट ठेवून विचारता यावं, म्हणून ही उत्तरं लिहिली आहेत.

धरण भरलेलं आहे, मग आमच्याकडे पाणी कमी का?

धरणापासून नळापर्यंत बरेच टप्पे आहेत. जॅकवेलमध्ये, म्हणजे धरणाकाठच्या उपसा विहिरीत पाणी येतं, पंप ते उचलतात, उद्धरण वाहिनीतून, म्हणजे पाणी वर चढवणाऱ्या मोठ्या पाइपातून, ते जलशुद्धीकरण केंद्रात पोचतं. तिथे तुरटी, निवळण, गाळण आणि क्लोरीन असे संस्कार होतात. मग शुद्ध पाणी साठवून पुढे वाटून देणारी संतुलन टाकी, त्यानंतर वस्त्यांमधल्या उंच टाक्या आणि शेवटी वितरण वाहिन्या. यातल्या ज्या टप्प्याची क्षमता सर्वांत कमी, तेवढंच पाणी पुढे जाऊ शकतं. धरणात दोन वर्षांचं पाणी असलं तरी पंप जुने झाले असतील किंवा शुद्धीकरण केंद्र निम्म्या लोकसंख्येसाठी बांधलेलं असेल, तर नळाला फरक पडत नाही.

यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. "रोज इतके दशलक्ष लिटर पुरवतो" असा जो आकडा सांगितला जातो, तो बऱ्याच ठिकाणी मोजलेला नसतो. पंपावर लिहिलेली क्षमता गुणिले पंप चाललेले तास, असा तो काढलेला असतो. पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं फिरतं चाक झिजतं, त्यातल्या रिंगांमधली फट वाढते, आणि तोच पंप तितकेच तास चालून कमी पाणी देऊ लागतो. वहीतला आकडा मात्र तसाच राहतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: मुख्य वाहिनीवर प्रवाहमापक आहे का, तो चालू आहे का, आणि त्याची नोंद रोज होते का? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय "पाणी कमी पडतं" या म्हणण्याला काहीच आधार नसतो.

शेजारच्या गल्लीत धो धो पाणी येतं आणि आमच्याकडे थेंबही नाही, असं कसं?

पाणी दाबावर चालतं. एक चौरस सेंटीमीटरवर एक किलो इतका दाब असेल तर पाणी साधारण १० मीटर उंच चढतं. टाकीतल्या पाण्याची पातळी तुमच्या नळापेक्षा २० मीटर उंच असेल, तर सुरुवातीला दोन किलो दाब हाताशी असतो. वाटेत पाइपाच्या आतल्या पृष्ठभागाशी होणारं घर्षण, प्रत्येक वळण, प्रत्येक व्हॉल्व्ह यात तो खर्च होत जातो. टाकीजवळच्या आणि सखल भागातल्या घरांना आधी पाणी मिळतं. चढावरच्या आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरांना उरलेलं मिळतं.

हे निसर्गनियमाने होतं, पण अटळ नाही. उंच आणि सखल भागांचे झोन वेगळे करून, सखल भागात दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवून आणि उंच भागाला स्वतंत्र वाहिनी देऊन वाटणी बरीच समान करता येते. शेवटच्या टोकाला पाणी पोचत नसेल तर ते त्या घरांचं दुर्दैव समजू नये; आखणीतली किंवा देखभालीतली ती उणीव आहे.

दुसरं कारण फार साधं आणि फार वेळा घडणारं: एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिलेला असतो. दुरुस्तीसाठी बंद केलेला व्हॉल्व्ह नंतर पूर्ण उघडला जात नाही. कधी रस्त्याचं डांबरीकरण करताना व्हॉल्व्हचं चेंबरच गाडलं जातं. आणि कधी व्हॉल्व्हची चकती दांड्यापासून तुटून आतच पडते. वरून चावी फिरते, व्हॉल्व्हमनला वाटतं उघडला, पण पाणी अडलेलंच असतं. ही शेवटची अडचण शोधायला कधी कधी महिने जातात, कारण बाहेरून सगळं ठीक दिसतं. व्हॉल्व्हच्या अलीकडे आणि पलीकडे दाब मोजला तर ती लगेच सापडते.

पूर्वी चांगलं पाणी यायचं, वर्षागणिक कमी होत गेलं. का?

जुन्या लोखंडी पाइपात आतून गंजाचे आणि क्षारांचे थर साचतात. पाइपाचा मोकळा व्यास निम्मा झाला तर पाणीही निम्मं होईल असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही टोकांच्या दाबातला फरक तितकाच राहिला तरी ते सुमारे एक षष्ठांशावर येतं, आणि थरांमुळे आतला पृष्ठभाग खडबडीत झालेला असल्याने त्याहूनही कमी. घरच्या जोडणीचा अर्धा इंची लोखंडी पाइप तर काही वर्षांत आतून जवळजवळ बुजू शकतो. म्हणून केवळ तुमच्याच घरी पाणी कमी असेल आणि शेजाऱ्यांकडे ठीक असेल, तर आधी आपली जोडणी तपासून घ्या.

सगळ्या गल्लीतच कमी झालं असेल तर त्याच वाहिनीवर किती नव्या जोडण्या दिल्या गेल्या ते विचारा. चाळीस घरांसाठी टाकलेली वाहिनी दोनशे घरांना पाणी देऊ लागली तर दुसरं काय होणार? इमारतींना परवानगी देणारा विभाग आणि पाणीपुरवठा विभाग एकाच कार्यालयात असूनही एकमेकांना विचारत नाहीत, तेव्हा हे घडतं.

आणखी एक कारण म्हणजे वाहिनीत अडकलेली हवा. उंचवट्यावर हवा साचते आणि पाण्याची वाट अरुंद करते. तिला बाहेर काढायला एअर व्हॉल्व्ह असतात, पण ते बंद पडलेले किंवा चोरीला गेलेले असतील तर हवा तिथेच राहते.

गळतीत खरंच एवढं पाणी जातं का?

होय, आणि ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. एक हिशेब करून पाहू. पाइपाला ६ मिलिमीटरचं भोक आहे आणि आत २० मीटर उंचीइतका दाब आहे. त्या भोकातून दिवसाला सुमारे २९ हजार लिटर पाणी बाहेर पडतं. माणशी १०० लिटर धरले तर जवळपास तीनशे माणसांची दिवसाची गरज. आणि असं भोक रस्त्याखाली असेल, पाणी शेजारच्या गटारात किंवा वाळूच्या थरात मुरत असेल, तर ते वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. रस्त्यावर कारंजं उडतं ती मोठी फुटी काही तासांत दुरुस्त होते. खरं नुकसान लहान, न दिसणाऱ्या गळत्या करतात, कारण त्या थांबत नाहीत. यातल्या पुष्कळशा मुख्य वाहिनीला घराची जोडणी जिथे लागते त्या सांध्यावर असतात.

पुरवलेल्या पाण्यातून ज्या पाण्याचं बिल होत नाही त्याला हिशेबाबाहेरचं पाणी म्हणतात. त्यात गळती असते, बेकायदा जोडण्या असतात, मीटर कमी दाखवतात तो भाग असतो आणि अधिकृतपणे फुकट दिलेलं पाणीही असतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार असं पाणी वर्षाला सुमारे १२६ अब्ज घनमीटर आहे. स्थानिक संस्था "आमच्याकडे गळती इतके टक्के" असं सांगतात तेव्हा त्या आकड्यात गळती किती, चोरी किती आणि चुकीचे मीटर किती हे वेगळं करून मागावं. गळतीला उपाय दुरुस्ती, चोरीला उपाय कारवाई आणि नियमित जोडणी, मीटरला उपाय बदली. तिन्ही एकाच टक्केवारीत कोंबले की कशावरच काम होत नाही.

न दिसणारी गळती शोधतात कशी?

रात्री दोन ते चारच्या दरम्यान बहुतेक लोक झोपलेले असतात. त्या वेळी एखाद्या झोनमध्ये जाणारं पाणी मोजलं आणि ते अपेक्षेपेक्षा बरंच जास्त निघालं, तर त्यातला मोठा भाग गळतीचा असतो. मग झोनमधले व्हॉल्व्ह एकेक करून बंद करत कुठला तुकडा गळतो ते ठरवायचं आणि त्या तुकड्यावर ऐकायचं. पाणी फटीतून सुटताना आवाज होतो. तो लोखंडी दांडीने, जमिनीवर ठेवायच्या मायक्रोफोनने किंवा दोन टोकांना संवेदक लावून पकडता येतो.

पण यासाठी वाहिनीत रात्री दाब असावा लागतो. जिथे दिवसातून दोनच तास पाणी सोडतात तिथे रात्री पाइप रिकामा असतो, त्यामुळे ही पद्धत वापरताच येत नाही. म्हणजे ठरावीक वेळेच्या पुरवठ्यात गळती लपून राहते आणि गळतीमुळे वेळ वाढवता येत नाही.

दिवसातून दोन तास पाणी सोडलं तर बचत होते ना?

वाटतं तशी होत नाही. पाणी उद्या येईल की नाही याची खात्री नसली की प्रत्येक घर मिळेल तेवढं साठवतं. दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की कालचं ओतून देतं. नळ उघडेच ठेवले जातात, पिंप भरून वाहतात. यात लोकांचा बेजबाबदारपणा शोधणं मला अन्यायाचं वाटतं. अनिश्चित पुरवठ्याला कुणीही शहाणं माणूस असंच तोंड देईल.

पाइपांवरही भयंकर ताण येतो. चोवीस तासांची गरज दोन तासांत भागवायची तर प्रवाह सरासरीच्या बारापट होतो. वाहिन्या साधारणपणे सरासरीच्या दोन ते तीनपट प्रवाहासाठी आखलेल्या असतात. आखलेल्यापेक्षा चौपट प्रवाह झाला की घर्षणात जाणारा दाब सुमारे तेरापट वाढतो. मग शेवटच्या टोकाला काही उरत नाही. तिथले लोक मोटार लावतात आणि त्यांच्या पुढचे आणखी कोरडे राहतात.

सर्वांत गंभीर बाब आरोग्याची आहे. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब जातो, कधी तो बाहेरच्या हवेपेक्षाही खाली उतरतो. भोवतीच्या मातीत सांडपाणी असेल तर ज्या फटीतून एरवी पाणी बाहेर जायचं त्याच फटीतून ते आत येतं. भरलेल्या आणि दाबाखाली असलेल्या पाइपात बाहेरची घाण शिरत नाही. पाणी सतत दाबाखाली ठेवावं असं अभियंते म्हणतात त्यामागचं मुख्य कारण हे आहे, आणि चोवीस तास पुरवठा म्हणजे श्रीमंतांची चैन हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

आहे त्या पाण्यात चोवीस तास पुरवठा कुठे झाला आहे का?

कंबोडियाच्या राजधानीचं, नोम पेन्हचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं आणि ते द्यायलाच हवं. युद्ध आणि हिंसाचारातून बाहेर पडलेल्या या शहरात १९९३ मध्ये सुमारे ७२ टक्के पाणी हिशेबाबाहेर जात होतं आणि जेमतेम दहा तास पुरवठा होता, तोही शहराच्या थोड्याच भागाला. एक सोन चान ('एक' हे त्यांचं आडनाव) यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या जलप्राधिकरणाने प्रत्येक जोडणीला मीटर लावला, ग्राहकांची यादी घरोघरी जाऊन नव्याने केली, बेकायदा जोडण्या मग त्या बड्या लोकांच्या असल्या तरी तोडल्या, जुन्या वाहिन्या बदलल्या आणि रात्रंदिवस गळती दुरुस्त करणारी पथकं नेमली. गरीब घरांना जोडणीत सवलत दिली. पुढे चोवीस तास पुरवठा सुरू झाला आणि हिशेबाबाहेरचं पाणी सुमारे ६ टक्क्यांवर आलं. एक सोन चान यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तर संस्थेला २०१० मध्ये स्टॉकहोमचा पाणी उद्योग पुरस्कार.

ओडिशातल्या पुरी शहरात जुलै २०२१ मध्ये नळातून थेट पिता येईल असं पाणी चोवीस तास देण्याची योजना सुरू झाली. दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी, पण मीटर, गळती आणि दाब यांवर आधी काम झालं हे दोन्हीकडे सारखं.

वीज पाच मिनिटं गेली आणि पाणी दिवसभर आलं नाही. ही सबब आहे का?

बहुधा नाही. हे खरोखर घडतं. पंप थांबला की मोठ्या पंपांना लगेच सुरू करता येत नाही. विजेचा दाब स्थिर व्हावा लागतो, मग पंप एकामागून एक सुरू करावे लागतात, शुद्धीकरण केंद्रातला प्रवाह पुन्हा बसवावा लागतो. या दरम्यान वाहिनीचा काही भाग रिकामा झाला असेल तर तो आधी भरावा लागतो. ६०० मिलिमीटर व्यासाची १० किलोमीटर लांब वाहिनी पूर्ण रिकामी असेल तर ती भरायलाच सुमारे २८ लाख लिटर पाणी लागतं. ताशी आठ लाख लिटर उपसा असला तरी साडेतीन तास गेले. शिवाय हवा नीट बाहेर पडावी म्हणून हे भरणं सावकाश करावं लागतं. मग टाक्या भरतात, मग तुमची पाळी. ज्या झोनची वेळ त्या तासांत होती त्याचं पाणी बहुतेकदा बुडतंच.

मात्र हे वारंवार होत असेल तर प्रश्न विचारायला हवा: पंपघराला दोन वेगळ्या बाजूंनी वीजपुरवठा आहे का? राखीव पंप चालू स्थितीत आहे का, की गेल्या बिघाडापासून तो उघडून ठेवलेला आहे? टाक्यांमध्ये काही तास पुरेल इतका साठा आहे का?

वाहिनी पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी का फुटते?

अचानक वीज जाण्याचा दुसरा परिणाम इथे दिसतो. लोखंडी पाइपातून सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारं पाणी एकाएकी थांबवलं, तर सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब क्षणभर उसळतो. याला जलाघात म्हणतात. पंप बंद पडल्यावर किंवा एखाद्याने व्हॉल्व्ह घाईने बंद केल्यावर हा धक्का वाहिनीभर पुढे-मागे धावतो आणि सर्वांत कमकुवत जागी पाइप फोडतो. तिथे क्लॅम्प बसवून काम भागवलं की कमकुवत जागा तिथेच राहते. दुरुस्तीनंतर खाली मऊ भर न टाकता दगड-विटांवर पाइप टेकवला, वरून जड वाहनं जाऊ लागली, तर पुढची फुटी शेजारीच होते.

रस्ता, केबल, गॅस, सांडपाणी अशा कामांच्या खोदाईत पाइप फुटणं ही तर रोजची गोष्ट झाली आहे. त्यामागचं मोठं कारण नकाशे. किती ठिकाणी वाहिन्यांचा अद्ययावत नकाशाच नसतो. कुठली वाहिनी कुठून जाते हे दोन-चार अनुभवी व्हॉल्व्हमनना ठाऊक असतं. ते निवृत्त झाले की ते ज्ञानही गेलं. या माणसांना बहुधा कंत्राटावर, कमी पगारात राबवलं जातं. अवेळी उठून चेंबरमधल्या घाण पाण्यात उतरणारे हेच. माझ्या मते कुठल्याही पाणीपुरवठा सुधारणेची सुरुवात त्यांच्यासोबत चार महिने फिरून नकाशा तयार करण्याने व्हावी. ते काम नव्या टाकीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि त्याचा उपयोग पुढची अनेक वर्षं होतो.

पावसाळ्यात सगळीकडे पाणीच पाणी, तरी नळ कोरडे का?

पुराच्या पाण्यात माती प्रचंड असते. तुरटी जास्त लागते, गाळ लवकर साचतो, वाळूचे गाळणथर काही तासांतच तुंबतात. ते उलट्या प्रवाहाने धुवावे लागतात. तेवढा वेळ ते बंद राहतात आणि धुण्यालाही शुद्ध पाणीच खर्च होतं. त्यामुळे केंद्रातून बाहेर पडणारं पाणी घटतं. जॅकवेलच्या तोंडाशी झाडाच्या फांद्या आणि कचरा अडकतो, पंपघरात पाणी शिरतं, विजेच्या तारा तुटतात.

अशा वेळी गाळण अर्धवट सोडून जास्त पाणी देण्याचा मोह टाळलाच पाहिजे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये एका केंद्रातली गाळण नीट झाली नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी पाण्यातून घरोघरी गेला. क्लोरीनला तो दाद देत नाही. सुमारे चार लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. पावसाळ्यात दोन दिवस पाणी कमी आलं तर कारण विचारा, पण गढूळ पाणी सोडा असा आग्रह धरू नका.

पाण्याचा रंग किंवा वास बदलला तर काय समजायचं?

पेल्यात दुधासारखं पांढरट दिसणारं आणि थोड्या वेळात तळापासून वर निवळत जाणारं पाणी म्हणजे त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात. ते धोक्याचं नाही. लालसर किंवा तपकिरी रंग बहुधा लोखंडाच्या गंजाचा, काळपट कण मँगनीजचे असू शकतात. सुरुवातीची काही मिनिटंच पाणी मातकट येत असेल तर ते रिकाम्या पाइपातला गाळ धुऊन येतं. क्लोरीनचा सौम्य वास आला तर घाबरू नका. जंतुनाशक उरलेलं आहे एवढाच त्याचा अर्थ.

सांडपाण्याचा वास येत असेल, किंवा परिसरात एकाच वेळी बऱ्याच जणांना जुलाब होत असतील, तर ते पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी लगेच थांबवा, उकळलेलं पाणी वापरा आणि त्याच दिवशी कळवा. अशा घटनांत नेहमी सापडणारं कारण म्हणजे गटारातून किंवा गटाराला चिकटून गेलेले घरजोडणीचे गंजलेले पाइप. पाण्याची वाहिनी सांडपाण्याच्या वाहिनीपासून दूर आणि तिच्यापेक्षा वरच्या पातळीवर असावी असा साधा नियम आहे. जागा नाही, घाई आहे म्हणून तो मोडला जातो.

केंद्रात क्लोरीन टाकतात, मग नळाचं पाणी दूषित कसं?

केंद्रात टाकलेलं क्लोरीन वाटेत खर्च होत जातं. पाण्यातले सेंद्रिय पदार्थ, पाइपातला चिकट थर, टाकीच्या तळाचा गाळ, सगळे त्यातला वाटा घेतात. म्हणून चाचणी ग्राहकाच्या नळाशी करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर इतकं मुक्त क्लोरीन उरायला हवं. ते पाहायला साधं रंगचाचणीचं किट पुरतं आणि काही मिनिटं लागतात.

चाचणीची नोंद खरी असणं जिवाशी जोडलेलं आहे. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये जोरदार पावसानंतर शेणमिश्रित पाणी विहिरीत उतरलं. क्लोरीन पुरेसं नव्हतं आणि त्याच्या नोंदी खोट्या लिहिल्या जात होत्या. सात माणसं गेली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. तपासणी वहीत रोज तोच आकडा दिसला तर तो संशयाचा विषय मानावा.

नवी योजना मंजूर झाली, मोठी वाहिनी आली. आता प्रश्न सुटेल ना?

जुन्या गळक्या वितरण व्यवस्थेत जास्त पाणी सोडलं तर दाब वाढतो आणि दाबाबरोबर गळतीही. निधी मात्र धरण, वाहिनी, टाकी यांनाच सहज मिळतो, कारण ती दिसतात आणि त्यांचं उद्घाटन करता येतं. रस्त्याखालच्या पाइपाच्या बदलीला कुणी येत नाही. योजना मंजूर होताना वितरणासाठी आणि पुढच्या देखभालीसाठी किती तरतूद आहे, हे ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत विचारलंच पाहिजे.

नवा स्रोत जोडताना पाण्याचे गुणही बदलतात. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी नदीचं पाणी घेतलं गेलं, पण पाइप गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली गेली नाही. जुन्या पाइपांमधलं शिसं पाण्यात उतरलं आणि ते मुलांच्या रक्तात सापडलं.

दुष्काळ हे खरं कारण कधी असतं?

एकाच धरणावर किंवा एकाच विहिरीवर सगळं अवलंबून असतं तेव्हा. भूजल उपसून खाली गेलं तर बोअर कोरडे पडतात, आणि काही खडकांत खोलवरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा आर्सेनिकही मिळतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनने सलग कोरड्या वर्षांनंतर फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. तिथे वाहिन्यांमधला दाब नियंत्रित करून गळती आणि वापर दोन्ही कमी केले गेले, आणि नळ पूर्ण बंद करण्याची वेळ टळली.

नळाला मोटार लावली तर बिघडलं कुठे?

शेजाऱ्याचं पाणी तुम्ही खेचता, आणि पाइपात निर्वात निर्माण करून घाण आत ओढता. ती घाण पहिली तुमच्याच टाकीत येते. दाब कमी असेल तर जमिनीलगतच्या टाकीत पाणी आपल्या गतीने भरू द्या आणि मोटार त्या टाकीतून वर चढवायला वापरा.

पाणीपट्टी भरतो, तरी पाणी नाही. पैसे जातात कुठे?

मोठा भाग विजेत जातो. दहा लाख लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला पंप आणि मोटारीची एकत्र कार्यक्षमता दोन-तृतीयांश धरली तर सुमारे ४०० युनिट लागतात. गळून गेलेल्या पाण्यालाही तेवढीच वीज लागलेली असते. मग पगार, रसायनं आणि शेवटी देखभाल. तूट आली की आधी देखभाल कापली जाते, त्यातून बिघाड वाढतात, आणि नाराज लोक पट्टी थकवतात. गरीब घरांना किमान पाणी स्वस्तातच मिळालं पाहिजे. पण ज्यांचा वापर मोठा आणि ऐपत आहे त्यांनाही खर्चाच्या कितीतरी खाली पाणी देणं म्हणजे ज्यांच्यापर्यंत वाहिनीच पोचली नाही त्यांच्यावर अन्याय आहे. ती माणसं टँकरसाठी बहुधा सर्वांत महाग दर मोजत असतात.

तक्रार कशी करावी म्हणजे काम होईल?

"पाणी येत नाही" एवढंच लिहिलं तर ती तक्रार शेकडो तक्रारींत हरवते. पाणी कधीपासून कमी झालं, ते एकाएकी की हळूहळू, किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, तळमजल्यावर येतं का, आजूबाजूच्या कुठल्या घरांना तोच त्रास आहे आणि कुठल्या घरापर्यंत पाणी ठीक आहे, हे लिहा. शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा, कारण ठीक असलेल्या शेवटच्या घराच्या आणि कोरड्या पहिल्या घराच्या मधेच बिघाड असतो. अलीकडे तिथे खोदकाम किंवा डांबरीकरण झालं असेल तर आवर्जून नमूद करा. घरातल्या पाण्याची ठरावीक बादली भरायला किती मिनिटं लागतात हे रोज लिहून ठेवलं तर आठवडाभरात पुरावा तयार होतो.

अर्ज गल्लीतल्या सर्वांच्या सह्यांनी द्या, पोच घ्या. दूषित पाण्याचा संशय असेल तर नमुना तुमच्या नळावरून, तुमच्या समोर घ्यायला सांगा आणि तपासणीचा अहवाल लेखी मागा.